यंदा नाही, तर पुढच्या वर्षी!

क्रिकेटवेड्या घरात वाढलेल्या तुम्हाआम्हाला हरणाऱ्या संघाचं दुःख वेगळं समजावून सांगायला नको. बेंगळुरूचा आयपीएल संघ २००८ पासून खेळतोय आणि त्याला पहिला चषक मिळायला २०२५ साल उजाडलं. तोवर अठरा मोसम त्याचे चाहते 'ई साला कप नमदे', म्हणजे 'यंदा कप आपलाच', असं म्हणत राहिले. व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद फिरले, शेजारपाजारचे हसले, पण लाल जर्सी कुणी टाकून दिली नाही.

आता कल्पना करा, की हीच वाट अठरा नाही, तर शेहेचाळीस वर्षं पाहायची आहे. आणि मोसमात चौदा सामने नाहीत, तर तब्बल १६२ आहेत! अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराचा बेसबॉल संघ म्हणजे पिट्सबर्ग पायरेट्स. त्याच्या चाहत्यांची गत ही अशी आहे. मीही त्यांच्यातलीच एक. संसार घेऊन या शहरात आलो, शहर आपलं झालं आणि शहराबरोबर हे दुखणंही पदरात पडलं.

सध्या इथे बर्फ आहे आणि मैदान बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेसबॉल नसतो. असते ती फक्त चर्चा. कोणता खेळाडू कुठे चालला, कुणाला किती डॉलर मिळाले, आपला संघ या वर्षी तरी एखादा धड फलंदाज घेणार की नाही. पूर्वी लोक शेगडीभोवती बसून या गप्पा मारायचे, म्हणून या दिवसांना इथे 'हॉट स्टोव्ह'चे दिवस म्हणतात. आपल्याकडे पारावर निवडणुकीच्या गप्पा रंगतात, तसंच काहीसं. चला तर मग, आज तुम्हीही या शेगडीजवळ बसा.

आधी थोडं खेळाबद्दल

बेसबॉल पाहिला नसेल तरी घाबरू नका, आपल्याला तो पटकन कळतो. गोलंदाज म्हणजे पिचर, फलंदाज म्हणजे बॅटर. चेंडू टप्पा न घेता थेट येतो. तीन फलंदाज बाद झाले की डाव संपतो आणि प्रत्येक संघाला असे नऊ छोटे डाव मिळतात. चेंडू मैदानाबाहेर भिरकावला की तो होम रन, म्हणजे आपला षटकारच. एकूण ३० संघ. मार्चअखेर मोसम सुरू होतो, सप्टेंबर संपेपर्यंत जवळपास रोज सामना असतो आणि ऑक्टोबरमध्ये मोजक्या संघांत वर्ल्ड सीरिजच्या विजेतेपदाची लढत होते.

रोज सामना, हे लक्षात घ्या. म्हणूनच हा खेळ सणासारखा नसून घरातल्या रेडिओसारखा आहे. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, अंगणात बसलेलं असताना तो पाठीमागे चालू असतो. आणि आपला संघ हरत असेल, तर तेही रोजच चालू असतं.

काळ्या-सोनेरी रंगाचं गाव

पिट्सबर्ग हे पोलादाचं शहर. दोन नद्या इथे एकत्र येतात आणि तिसरी, ओहायो, वाहू लागते. एकेकाळी या नद्यांच्या काठांवर पोलादाच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असायच्या. १९८०च्या दशकात बहुतेक बंद पडल्या आणि हजारो कुटुंबांना शहर सोडावं लागलं. आज इथे विद्यापीठं, मोठी रुग्णालयं आणि रोबोट बनवणाऱ्या कंपन्या आहेत. आपली मराठी मुलंही इथल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकायला येतात. इथलं श्रीव्यंकटेश्वराचं मंदिर १९७६ सालचं, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोठ्या मंदिरांपैकी एक. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा किंवा भाची इथे असेल, तर त्या मंदिराच्या पायऱ्या तुम्ही चढलाही असाल.

या शहराच्या तिन्ही मोठ्या संघांचा रंग एकच, काळा आणि सोनेरी. फुटबॉलच्या स्टीलर्सनी सहा वेळा सुपर बोल जिंकला आहे. आइस हॉकीच्या पेंग्विन्सनी पाच वेळा स्टॅनले कप जिंकला आहे. म्हणजे शहराला जिंकणं ठाऊक नाही असं मुळीच नाही. तीन भावंडांपैकी दोघं पहिल्या वर्गात पास होतात आणि तिसरं दर वर्षी नापास, असं घर डोळ्यांसमोर आणा. आईबापांची सगळी काळजी त्या तिसऱ्याच्याच वाट्याला येते ना?

गंमत म्हणजे, या नापास मुलाचं घर सगळ्यांत देखणं आहे. २००१ मध्ये उघडलेलं पीएनसी पार्क हे अमेरिकेतल्या सर्वांत सुंदर मैदानांत गणलं जातं. समोर नदी, नदीवर पिवळा पूल, पलीकडे उंच इमारती. सामन्याच्या दिवशी लोक त्या पुलावरून चालत येतात. मधल्या वेळात पिरोगीच्या वेशातल्या माणसांची शर्यत लागते. पिरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरलेली, करंजीच्या आकाराची उकडलेली पोलिश पारी. सामना हरला तरी पिरोगीची शर्यत मुलांना आवडतेच!

भिंतीपाशी भरणारी जत्रा

पायरेट्सनी पाच वेळा वर्ल्ड सीरिज जिंकली आहे : १९०९, १९२५, १९६०, १९७१ आणि १९७९. यातला १९६०चा विजय शहर आजही विसरलेलं नाही.

समोर होता न्यूयॉर्कचा बलाढ्य यँकीज संघ. सात सामन्यांत मिळून यँकीजनी ५५ धावा केल्या, पायरेट्सनी अवघ्या २७. तरीही मालिका जिंकली पायरेट्सनी! सातव्या सामन्यात ९-९ अशी बरोबरी असताना शेवटच्या डावात बिल मॅझेरोस्की नावाच्या खेळाडूने होम रन मारला आणि सगळं संपलं. मॅझेरोस्की ओळखला जायचा तो क्षेत्ररक्षणासाठी. सातव्या सामन्यात अशा शेवटच्या फटक्याने वर्ल्ड सीरिज आजवर दुसऱ्या कुणीही जिंकून दिलेली नाही.

ते फोर्ब्स फील्ड मैदान आता नाही. त्या जागी विद्यापीठ पसरलं आहे. पण मैदानाच्या भिंतीचा एक तुकडा अजून उभा आहे. दर वर्षी १३ ऑक्टोबरला चाहते तिथे जमतात, घडीच्या खुर्च्या मांडतात आणि १९६०च्या त्या सामन्याचं रेडिओवरचं समालोचन पहिल्यापासून ऐकतात. निकाल ठाऊक, प्रत्येक चेंडू ठाऊक, तरी शेवटच्या फटक्याला टाळ्या पडतात. आपल्याकडे कीर्तनात सीतेचा शोध लागणार हे माहीत असूनही माणसं डोळे पुसतात, अगदी तसंच.

आणि एकवीस क्रमांकाची जर्सी? ती रॉबर्टो क्लेमेंटेची. पोर्टो रिकोहून आलेला हा खेळाडू १९७२च्या मोसमाअखेर बरोबर ३,००० हिट्सवर पोहोचला. त्याच वर्षी २३ डिसेंबरला निकाराग्वात मोठा भूकंप झाला. त्याने पाठवलेली मदत गरजूंपर्यंत पोहोचत नाही असं कळल्यावर, ३१ डिसेंबरच्या रात्री तो स्वतः मदतीच्या विमानात बसला. विमान उड्डाणानंतर लगेच समुद्रात कोसळलं. त्याचा देहही मिळाला नाही. आज तो पिवळा पूल त्याच्या नावाचा आहे आणि मैदानातली उजवीकडची भिंत त्याच्या क्रमांकाइतकी, म्हणजे २१ फूट उंच आहे. संघ कितीही हरला तरी मुलांना सांगायला आपल्याकडे क्लेमेंटे आहे, हा इथल्या आईबापांचा मोठा आधार.

वीस वर्षांचा वनवास

रामाचा वनवास चौदा वर्षांचा होता. पायरेट्सचा वीस वर्षांचा.

१९९२ मध्ये वर्ल्ड सीरिजच्या उंबरठ्यावर, अटलांटाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात पायरेट्स शेवटच्या डावापर्यंत २-० असे पुढे होते. शेवटी एकच फलंदाज बाद करायचा बाकी होता. तेवढ्यात चेंडू डावीकडे गेला, बॅरी बाँड्सने तो उचलून फेकला आणि सिड ब्रीम नावाचा खेळाडू घसरत घसरत, जेमतेम वेळेत पोहोचला. ३-२, संपलं. ब्रीम हा पूर्वी पायरेट्सचाच, गुडघ्यांनी अधू, संथ धावणारा! त्या हिवाळ्यात बाँड्स संघ सोडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला.

त्यानंतर १९९३ ते २०१२ सलग वीस मोसम पायरेट्सनी जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरले. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत इतकी लांब रांग तोवर कुणीच लावली नव्हती. त्या काळात जन्मलेली मुलं मिसरूड फुटेपर्यंत मोठी झाली, पण संघाचा एकही चांगला मोसम त्यांनी पाहिला नाही.

मग आलं २०१३. १ ऑक्टोबरच्या रात्री सिनसिनाटीविरुद्ध बाद फेरीचा सामना होता. सगळं मैदान काळे कपडे घालून आलेलं. प्रतिस्पर्धी पिचर होता जॉनी क्वेटो. प्रेक्षकांनी एका सुरात त्याच्या नावाचा घोष सुरू केला, 'क्वेऽऽटो, क्वेऽऽटो'. आणि त्याच्या हातून चेंडू चक्क खाली निसटला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला. वीस वर्षांचा साचलेला आवाज त्या एका रात्री बाहेर पडला. सामना ६-२ असा जिंकला.

ते सुख तीन वर्षं टिकलं. २०१५ मध्ये तर ९८ विजय मिळाले, पण बाद फेरीतला एकुलता एक सामना शिकागोने ४-० असा जिंकला. त्यानंतर पुन्हा तीच उतरण. २०२३ मध्ये ७६ विजय, २०२४ मध्ये ७६, २०२५ मध्ये ७१.

दोष पैशाचा की मालकाचा?

शेगडीभोवतीच्या गप्पांत सगळ्यांत जास्त भांडण याच प्रश्नावर होतं. आयपीएलमध्ये लिलावाला बसणाऱ्या प्रत्येक संघाची थैली सारखी असते. बेसबॉलमध्ये तशी कमाल मर्यादा नाही. ठरावीक रकमेपुढे गेलं तर जादा कर भरावा लागतो, पण ज्याच्याकडे पैसा आहे तो कर भरून मोकळा होतो. लॉस एंजलिसच्या डॉजर्सनी २०२३च्या डिसेंबरमध्ये जपानी खेळाडू शोहेई ओतानीशी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षी पायरेट्सनी ब्रायन रेनॉल्ड्सशी आठ वर्षांसाठी सुमारे १०.७ कोटी डॉलरचा करार केला. तो त्यांच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा करार होता! डॉजर्सनी २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी वर्ल्ड सीरिज जिंकली, यात नवल ते काय?

म्हणजे गरीब बिचारा संघ, असं म्हणून विषय संपवावा का? नाही. कारण मिलवॉकी हे पिट्सबर्गसारखंच छोट्या बाजारपेठेचं शहर. पायरेट्सच्याच गटात खेळणाऱ्या त्यांच्या ब्रूअर्स संघाने २०२५ मध्ये ९७ सामने जिंकले, सर्व ३० संघांत सर्वाधिक. खेळाडू हेरणं, घडवणं, योग्य वेळी योग्य माणूस घेणं याला पैसा लागतो, पण त्याहून जास्त चिकाटी लागते. म्हणून इथले चाहते मालक बॉब नटिंग यांच्यावर चिडलेले आहेत. २०२५च्या मोसमात घरच्या पहिल्याच सामन्याला 'संघ विका' असा फलक ओढत एक विमान मैदानावरून फिरलं.

हरणं एकवेळ सोसता येतं, पण परकेपणा सोसवत नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये उजव्या भिंतीवरचं क्लेमेंटेच्या २१ क्रमांकाचं चिन्ह काढून तिथे एका मद्याची जाहिरात लागल्याचं लोकांना दिसलं. क्लेमेंटेच्या कुटुंबाने नाराजी व्यक्त केली, संघाने माफी मागून चिन्ह परत लावलं. त्याच महिन्यात मैदानाबाहेरच्या विटांचे फोटो फिरले. मैदान बांधलं तेव्हा चाहत्यांनी पैसे देऊन आपल्या आईवडिलांची, मुलांची नावं कोरून घेतलेल्या त्या विटा. त्या भंगाराच्या आवारात ढिगाने पडलेल्या दिसल्या. देवळाच्या पायरीवर आजोबांचं नाव असावं आणि ती पायरी एके दिवशी रस्त्याच्या कडेला सापडावी, तर तुम्हाला कसं वाटेल? तसंच इथे अनेकांना वाटलं.

एकटा काय करणार?

यंदाच्या हिवाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एक नाव आहे, पॉल स्कीन्स. २०२३च्या निवडीत पायरेट्सनी घेतलेला पहिल्या क्रमांकाचा तरुण पिचर. २०२४ मध्ये आपल्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याने एकमताने पटकावला. नऊ डावांमागे सरासरी दोन धावाही दिल्या नाहीत, नेमका आकडा १.९७.

आणि त्याच्या नावावर विजय किती? दहा. पराभव? तेही दहा! कारण तो कितीही चांगला खेळला तरी धावा करायला कुणीतरी हवं ना. त्या मोसमात सर्व संघांत सर्वांत कमी होम रन पायरेट्सचेच होते. घरात एकच कमावता आणि बाकी सगळे त्याच्या तोंडाकडे पाहणारे, असं चित्र आपल्याकडे काही नवं नाही. नियमाप्रमाणे स्कीन्स २०२९च्या मोसमानंतर मोकळा होईल आणि हवा तिथे जाऊ शकेल. म्हणून इथला प्रत्येक चाहता बोटांवर वर्षं मोजतोय. त्याच्याभोवती संघ उभा राहील, की तोही बाँड्ससारखा निघून जाईल?

पायरेट्सशी भारताचंही नातं आहे

तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, पण अमेरिकन बेसबॉलशी करार करणारे पहिले दोन भारतीय याच संघाचे. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी मुलं. भारतात झालेल्या 'द मिलियन डॉलर आर्म' या वेगाने चेंडू फेकण्याच्या स्पर्धेतून निवडली गेली. त्याआधी त्यांचा बेसबॉलशी काही संबंधच नव्हता. अमेरिकेत काही महिने सराव केला आणि २००८ मध्ये पायरेट्सनी दोघांशी करार केला. मुख्य संघापर्यंत दोघंही पोहोचले नाहीत, पण रिंकू खालच्या स्तरावरच्या संघांतून काही वर्षं खेळला आणि पुढे 'वीर महान' नावाने कुस्तीच्या रिंगणात उतरला. त्यांच्यावरचा 'मिलियन डॉलर आर्म' हा चित्रपट २०१४ मध्ये आला, संगीत होतं ए. आर. रहमान यांचं. सुट्टीच्या दिवशी मुलांबरोबर बघण्यासारखा आहे.

मुलगी विचारते तेव्हा

"आई, आपण जिंकणाऱ्या टीमचे फॅन का नाही होत? डॉजर्सचे होऊ या ना." माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने या हिवाळ्यात विचारलं. तिच्या वर्गात कॅलिफोर्नियाहून आलेली एक मैत्रीण आहे. ती निळी टोपी घालून येते आणि तिच्या टोपीला कुणी हसत नाही.

प्रश्न साधा वाटतो, पण साधा नाही. आपण मुलांना सांगतो, की आपल्या माणसांना वाईट दिवसांत सोडायचं नाही. पण त्याच वेळी हेही शिकवतो, की कुणी आपल्याला गृहीत धरत असेल तर गप्प बसायचं नाही. हरणाऱ्या संघाचं तिकीट दर वर्षी मुकाट्याने घेतलं, तर मालकाने बदलावं तरी कशाला? आणि तिकीट घेतलंच नाही, तर रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळायची वेळ येते ती स्कीन्सवर, मालकावर नाही.

आमच्या घरी यावर बरीच चर्चा झाली आणि मधला मार्ग निघाला. सामने रोज रेडिओवर ऐकायचे, मैदानावर मात्र मोसमात तीनदाच जायचं. नवी जर्सी, नव्या टोप्या घ्यायच्या नाहीत, जुन्याच धुऊन घालायच्या. १३ ऑक्टोबरला भिंतीपाशी नक्की जायचं, तिथे तिकीट लागत नाही. आणि मुलीने डॉजर्सचं कौतुक केलं तर तिला रागवायचं नाही. ओतानी आहेच कौतुक करण्यासारखा!

हे उत्तर पुरेसं आहे का? तिला ते अजून पूर्ण पटलेलं नाही. पण क्लेमेंटेची गोष्ट ऐकल्यावर तिने एवढं मात्र विचारलं, "मग त्याची टीम तेव्हा जिंकत होती का?" मी सांगितलं, "हो, १९७१ मध्ये जिंकली होती. पण पूल त्याच्या नावाचा आहे तो काही तेवढ्यासाठी नाही."

तुम्हाला बघायचं असेल तर

मार्चअखेर मोसम सुरू होईल. पिट्सबर्गला संध्याकाळी ६.४० वाजता सुरू होणारा सामना भारतात दुसऱ्या दिवशी पहाटे ४.१० वाजता दिसतो. पहाटे फिरायला जाणाऱ्या आजीआजोबांना चहाबरोबर बघायला ही वेळ छान! दुपारी १२.३५चा सामना असेल, तर तो आपल्याकडे रात्री १०.०५ला सुरू होतो. मुलाबाळांकडे अमेरिकेला येणार असाल, तर एखादा सामना मैदानावर जाऊन बघाच. उन्हाळ्यातही रात्री नदीवरून गार वारा येतो, त्यामुळे अंगावर घ्यायला काहीतरी बरोबर ठेवा. स्कीन्स चेंडू टाकणार असेल तो दिवस निवडा आणि पिरोगीची शर्यत चुकवू नका.

त्याआधी फेब्रुवारीच्या मध्यावर फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटन गावात पिचर आणि कॅचर सरावाला जमतील. पायरेट्स १९६९ पासून तिथेच सराव करतात. त्या दिवशी इथे बहुधा बर्फच असेल, पण टीव्हीवर हिरवं गवत दिसेल आणि एकही सामना हरलेला नसल्यामुळे आमचा संघ बाकीच्या २९ संघांच्या बरोबरीला असेल.

तुमच्या घरातही हरणाऱ्या संघाचा एखादा चाहता असेल. क्रिकेटचा, फुटबॉलचा, नाहीतर गावच्या कबड्डी मंडळाचा. मोसम नसताना त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. एखाद्या संध्याकाळी त्याला चहा द्या आणि विचारा, की यंदा संघात काय बदल हवेत. तासभर तरी तो थांबणार नाही, एवढी खात्री मी देते.